जेवणाची वर्गणी आणि खाडा

आमच्या वेळी वर्गणी म्हणजे गणपतीची, सप्त्याची, नाहीतर वाचनालयाची. वर्गणी भरली की गणपतीत आरतीला पुढे उभं राहता यायचं, सप्त्यात काल्याचा प्रसाद मिळायचा आणि वाचनालयातून एका वेळी एक पुस्तक घरी नेता यायचं. (दिवाळी अंक असेल तर दोन दिवसांत परत!) जेवणाचीही वर्गणी असते, आणि ती भरूनसुद्धा जेवणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात, हे ज्ञान मला सत्तरी ओलांडल्यावर झालं. हिच्या मनगटाचं दाखवायला आम्ही दोघं पुण्याला धाकट्याकडे जाऊन राहिलो होतो, तेव्हाची ही गोष्ट.

धाकटा आणि सूनबाई दोघंही नोकरीला. हिंजवडीहून घरी यायला कधी साडेआठ, कधी साडेनऊ. आले की धाकटा मोबाईल काढतो, पाच-सात वेळा बोट फिरवतो आणि अर्ध्या-पाऊण तासात दारात पोरगा हजर. एकदा त्याची वर्गणी संपत आली होती, तर तो मला म्हणाला, "अण्णा, तुम्ही सगळ्या गावाचे हिशेब तपासता. ही वर्गणी परत भरावी का, तेवढं सांगा."

मी मराठी आणि इतिहास शिकवला, गणित नाही. पण शाळेत सहलीचा आणि स्नेहसंमेलनाचा हिशेब तीस वर्षं माझ्याकडेच असायचा. तेव्हा कागद-पेन्सिल घेतली आणि बसलो.

आधी ही वर्गणी कशाची, ते सांगतो. गावाकडच्या बऱ्याच मंडळींना माहीत नसेल. आमच्या मांजरसुंब्याच्या चौकात लाल-नारिंगी पिशव्या पाठीवर घेतलेली मुलं मला अजून तरी दिसलेली नाहीत. झोमॅटो, स्विगी या कंपन्या हॉटेलातलं जेवण घरी आणून देतात, त्याचं पोचवणावळ घेतात. वर्गणी भरली की काही अटींवर हे पोचवणावळ माफ होतं, आणि काही हॉटेलांत थोडी सूट मिळते. झोमॅटोची 'गोल्ड' नावाची वर्गणी २०१७ साली आली तेव्हा ती हॉटेलात बसून जेवणाऱ्यांसाठी होती. २०२० मध्ये तिचं नाव 'प्रो' झालं. २०२३ च्या जानेवारीत ती पुन्हा 'गोल्ड' या नावाने आली. स्विगीची २०१८ साली 'सुपर' होती, २०२१ मध्ये 'वन' आली. दरवेळी नावाबरोबर नियमही बदलले. म्हणून कोणी सांगितलं की अमक्याला फायदा झाला, तर तो कोणत्या वर्षीच्या नियमांनी झाला, हे आधी विचारावं.

आता हिशेब. आकडे समजुतीसाठी गोल धरतो. वर्गणी तीन महिन्यांची ३०० रुपये. दर खेपेला वाचणारं पोचवणावळ ४० रुपये. ३०० भागिले ४० म्हणजे साडेसात. आठव्या खेपेला वर्गणी वसूल, पुढचा सगळा नफा. धाकट्याने तीन महिन्यांत ३३ वेळा मागवलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे तेराशे वीस वाचले. वर्गणी वजा जाता हजार रुपये फायदा!"

मी म्हटलं, थांब. वर्गणी नव्हती तेव्हाच्या तीन महिन्यांत किती वेळा मागवलं होतंस, ते काढ. (मोबाईलमध्ये सगळं साठवलेलं असतं, ही एक मोठीच सोय आहे.) निघाले १८. म्हणजे जे मागवायचंच होतं ते १८ वेळा. त्यावर वाचले १८ गुणिले ४०, म्हणजे ७२०. वर्गणी वजा जाता ४२०. उरलेल्या १५ खेपा या वर्गणीच्या पोटी जन्माला आलेल्या. एका खेपेचं बिल सरासरी ३५० धरलं तर ५२५०. तेच जेवण घरी शंभरात झालं असतं असं धरलं, तर ३७५० रुपये जास्तीचे गेले. ४२० मिळवण्यासाठी ३७५०.

म्हणून नियम असा, की वर्गणी नसतानाही ज्या खेपा झाल्याच असत्या, तेवढ्याच हिशेबात धरायच्या. दुकानात एकावर एक धोतर फुकट असतं तेव्हा हाच नियम लागू पडतो.

बारीक अक्षरातल्या अटी मी भिंग लावून वाचल्या. पोचवणावळ माफ होतं ते ठरावीक रकमेच्या वर मागवलं तर, आणि हॉटेल ठरावीक अंतराच्या आत असेल तर. मग रक्कम गाठायला गुलाबजाम मागवले जातात. पॅकिंगचे पैसे वेगळे. 'प्लॅटफॉर्म फी' नावाचा एक आकार २०२३ साली दोन रुपयांपासून सुरू झाला आणि २०२५ मध्ये दहाच्या वर गेला. तो वर्गणीदारालाही चुकत नाही. जेवणावर पाच टक्के जीएसटी, जो २०२२ च्या जानेवारीपासून हॉटेलऐवजी या कंपन्याच गोळा करून भरतात. पोचवणावळावर २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्के. शिवाय कंपनीला कमिशन द्यावं लागतं म्हणून बरीच हॉटेलं मोबाईलवरचा दरच मुळात चढा ठेवतात. हे सगळं काही लपवलेलं नसतं, पण बिल उघडून वाचणारा विरळा.

हे मी मांडत असताना सूनबाई भाजी निवडत ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, त्या पंधरा रात्री मी साडेनऊला घरी आले होते. जेवले आणि झोपले." मी कागदावर पंधरा खेपांच्या पुढे लिहिलं: 'झोप.' हिशेबातून ती वगळता येत नाही. शेवटी मी धाकट्याला सांगितलं, वर्षभराची भरू नकोस. ज्या महिन्यांत तुमच्या दोघांच्याही ऑफिसात घाई असते तेवढ्यापुरती भर आणि आपोआप पैसे कापून घेण्याची परवानगी बंद करून टाक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास ग्राहकाला कळवावं लागतं. तो निरोप येतो, पण शंभर निरोपांच्या गर्दीत.

असो. पुण्याचा प्रश्न तिथे मिटला. पण मला त्या वर्गणीत एक गोष्ट सापडली नाही, आणि तीच मी शोधत होतो. खाडा.

खानावळीत जेवलेल्या माणसाला खाडा म्हणजे काय ते सांगायला नको. नव्या मंडळींसाठी सांगतो. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे. मधे गावी गेलात, आजारी पडलात, तर जितके दिवस जेवला नाहीत तितक्या दिवसांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते व्हायचे. याला म्हणायचं खाडा धरणं. भिंतीवर पाटी असायची, 'सलग तीन दिवसांच्या वर गैरहजर असल्यासच खाडा धरला जाईल. आदल्या दिवशी सूचना देणे. पाहुण्याचे ताट वेगळे. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद.' या चार ओळींत सगळा करार मावायचा, आणि वाचायला भिंग लागायचं नाही.

बीडला बलभीम महाविद्यालयात बी.ए.ला असताना मी अशा एका खानावळीत जेवायचो. महिन्याला ४५ रुपये, दोन वेळ. चालवणाऱ्या बाईंना आम्ही मावशी म्हणायचो. त्यांना लिहिता येत नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येकाच्या नावाची एक खूण होती, कोणाची फुली, कोणाचा गोल, माझी टोपी. जो आला नाही त्याच्या खुणेखाली कोळशाने रेघ. महिनाअखेर रेघा मोजायच्या. पदवीचं शिक्षण घेणारे आम्ही वीस-बावीस जण त्या भिंतीवर कधी वाद घालू शकलो नाही.

१९७२ चं साल. दुष्काळ. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना काही सांगायला नको. गावोगाव दुष्काळी कामं सुरू झाली होती, खडी फोडायची, तलावाची माती वाहायची, कामावर सुकडी मिळायची. बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची. आमच्या खानावळीतली अर्धी मुलं घरच्यांबरोबर कामावर गेली. भिंतीवर रेघाच रेघा. मावशींनी दर वाढवला नाही, भाकरी मात्र मोजून दोन केल्या. त्या पावसाळ्यात मला ताप आला. दोन रात्री मी खोलीवरच पडून होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मुलगा पितळी डबा घेऊन आला, आत ताकाची कढी आणि मऊ भात. "आईनं बघून ये म्हणून सांगितलं, दोन रेघा झाल्या." बरा होऊन गेलो तेव्हा बघितलं, तर दोन रेघांनंतर तिसरी नव्हती.

आता मोबाईलवाल्या कंपनीलाही कळतं की तुम्ही चार दिवस काही मागवलं नाही. तीही निरोप पाठवते. 'तुमची आठवण येते' म्हणते, आणि खाली बिर्याणीचं चित्र असतं. मात्र दिवाळीला दहा दिवस गावी गेलात तरी वर्गणीचे दिवस पुढे सरकतच राहतात. खाडा नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी हिचं मनगट पाहिलं. दोन वर्षांपूर्वी अंगणात पडून मोडलं होतं, ते जुळताना थोडं वाकडं जुळलंय. त्यांनी सांगितलं, कणीक तिंबणं, भाकरी थापणं बंद. भाजी चिरायला हरकत नाही. म्हणजे मांजरसुंब्याला परतल्यावर जेवणाच्या वर्गणीचा प्रश्न आमच्याच दारात उभा राहिला.

आमचं गाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात, त्या चौकातलं हे गाव. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला जाणारे लोक इथे उतरतात. चौकात आणि महामार्गावर हॉटेलं, धाबे भरपूर. रात्री-बेरात्री चुलीवरची भाकरी मिळेल. पण ते सगळं येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. गावात राहणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी ती लाल तर्री रोज खाल्ली तर आठ दिवसांत दवाखाना गाठावा लागेल. आम्हाला हवी होती बिनतिखटाची आमटी, ज्वारीची भाकरी आणि एक पालेभाजी.

शेजारच्या आळीत एक ताई डबे करतात असं कळलं. चौदा डबे जायचे, बँकेतले दोघं, शाळेतले नवे शिक्षक, दवाखान्यातल्या सिस्टर. एका वेळच्या डब्याचे माणशी १६०० रुपये महिना. दोघांचे ३२००. रात्री आम्ही खिचडी, नाहीतर दूध-भाकरीवर भागवतो, तेव्हा दुपारचा डबा पुरे होता.

पुन्हा कागद-पेन्सिल. या वेळी तीन रकाने. पहिला, डब्याचे ३२००. दुसरा, घरी दुपारचा स्वयंपाक केला तर सामानाचा खर्च, दोघांचे दिवसाला ७० म्हणजे २१०० आणि गॅसचे २००, मिळून २३००. फरक ९०० रुपयांचा. तिसऱ्या रकान्यात मी लिहिले तास. दुपारचा स्वयंपाक, आवराआवर, भांडी धरून रोजचा दीड तास, महिन्याचे ४५. नऊशे भागिले पंचेचाळीस, तासाला वीस रुपये. डबा लावला तर आपण हिच्या मनगटाच्या एका तासाला वीस रुपये मोजतो, असा त्याचा अर्थ.

ही चहा गाळत होती. म्हणाली, "वीस? खुरपायला बाई तीनशे रुपये रोजाच्या खाली येत नाही. सहा तासांचे तीनशे धरले तरी पन्नास होतात. मला पंधरावीसच्या पुढे जाऊ देत नाही का तुमचा कागद?" मी म्हटलं, उलट कागद तुझ्याच बाजूने आहे, डबा स्वस्त पडतोय. त्यावर तिने जे विचारलं ते कागदावर नव्हतं, "मग आपल्याला स्वस्त पडतोय तर त्या ताईला काय उरत असेल?"

त्या ताईंना घरी बोलावलं. (नाव देत नाही, गाव लहान आहे.) ज्वारी कोणती वापरता, तेल किती, येसराची आमटी करता का, हे प्रश्न हिने विचारले. सगळं ठरत आलं. शेवटी मी माझ्या खानावळीच्या सवयीने विचारलं, "आणि खाड्याचं कसं?"

ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "सर, मी शक्यतो पडू देत नाही. पण दुखलं-खुपलं तर एखादा पडल. तिकडं खाडा पडला की मुकादम पैशे कापायचा. तुमचं कसं हाय?"

मी विचारत होतो माझ्या खाड्याचं, आणि त्या सांगत होत्या त्यांच्या खाड्याचं. त्या सात हंगाम नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाऊन आल्या होत्या.

आमच्या बीड जिल्ह्यात हा शब्द दोन ठिकाणी चालतो, आणि दोन ठिकाणी त्याचा अर्थ उलटा होतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. जोडी उचल घेते, म्हणजे पैसे आधी घेते, आणि पावसाळा संपला की कारखान्याच्या पट्ट्यात जाऊन चार-सहा महिने ती फेडते. त्यात एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. मजुरी तर बुडतेच, वर पाचशे रुपयांपर्यंत, कधी त्याहून जास्त दंड. खानावळीतला खाडा जेवणाऱ्याच्या खिशात परत येतो, फडातला खाडा राबणाऱ्याच्या खिशातून जातो. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. कारणं अनेक होती. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हे त्यातलं एक. शाळेत दर दिवाळीनंतर माझ्या वर्गातले बाक रिकामे व्हायचे. या मुलांच्या हजेरीपटावर मी गैरहजेरी मांडत असायचो, तेव्हा त्यांच्या आया तिकडे खाडा पडू नये म्हणून धडपडत असायच्या.

ताई डबे करायला लागल्या त्या दोन वर्षांपासून फडात गेलेल्या नाहीत. मुलगी सातवीत आहे, तिची शाळा बुडत नाही. हिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं. सामान एकदम भरतात, त्यामुळे एका डब्यामागे महिन्याला पाचशे सुटतात. चौदा डब्यांचे सात हजार. सुट्टी मात्र नाही. एक दिवस डबे गेले नाहीत की काही जण पैसे कापतात, काही जण डबाच बंद करतात.

मंडळी, जेवण पोचवणाऱ्यांची सुट्टी हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हे काम करताहेत. महादू हावजी बच्चे यांनी ते सुरू केलं. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगावकडची ही माणसं. त्यांचंही महिन्यावारी असतं, दर अंतरावर ठरतो. दिवाळीला गिऱ्हाइकांनी एक महिन्याचे जास्तीचे पैसे बोनस म्हणून द्यायची प्रथा आहे. आणि दर वर्षी चैत्रात गावच्या यात्रांसाठी ते पाच-सहा दिवस सगळे मिळून सुट्टी घेतात. त्या आधी पेपरात त्यांचं निवेदन येतं, त्यात या दिवसांचे पैसे कापू नका अशी विनंती असते. त्यांची संघटना आहे, म्हणून ती विनंती पेपरात छापून येते.

खानावळवाल्या बायकांचीही एक संघटना झाली होती. गिरणगावात हजारो गिरणी कामगार घरच्या माणसांना गावी ठेवून एकटे राहायचे आणि महिन्याच्या बोलीवर अशा बायकांकडे जेवायचे. त्या काळातल्या संपात कामगारांना पगार नव्हता, तेव्हा या बायकांनी त्यांना उधारीवर जेवू घातलं. वाणी मात्र त्यांना उधार देताना व्याज लावायचा. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. राष्ट्रीयीकृत बँकांकडून या बायकांना स्वतःच्या नावावर कर्ज मिळवून दिलं. वर्गणीदाराचे पैसे थकले तरी चूल चालू राहिली पाहिजे, एवढी साधी गरज होती ती. आमच्या बीडच्या मावशींना असं कोणी भेटलं नाही. त्यांचं भांडवल म्हणजे आमचे आगाऊ भरलेले ४५ रुपये.

हे सगळं हिच्याशी बोलून झाल्यावर आम्ही ठरवलं. वर्गणी घ्यायची, पण दोन्ही बाजूंच्या खाड्याचा नियम आधी लिहून काढायचा. माझ्या अक्षरात एका वहीच्या पानावर चार कलमं लिहिली. एक, आम्ही गावाला जाणार असू तर आदल्या रात्री आठच्या आत सांगू, सलग तीन दिवसांच्या वर असेल तर खाडा धरावा. दोन, ताईंना आठवड्याला एक सुट्टी, महिन्याला चार, त्यांचे पैसे कापायचे नाहीत. वार त्यांनी ठरवावा. तीन, पैसे महिन्याच्या एक तारखेला आगाऊ. चार, ज्वारीचा भाव चढला तर त्यांनी बोलावं, मनात ठेवू नये.

मग हिशेब नव्याने मांडला. महिन्याला डबे आले सव्वीस. घरच्या सामानाची बचत साधारण २०००. फरक झाला बाराशे. वाचलेले तास ४५ चे ३९ झाले. बाराशे भागिले एकोणचाळीस, म्हणजे तासाला जवळजवळ एकतीस रुपये. वीसाचे एकतीस झाले. हिच्या पन्नासाच्या आतच आहेत अजून, त्यामुळे डबा परवडतोच. माझ्या पेन्शनमधून महिन्याला बाराशे जास्तीचे जातात, म्हणजे दिवसाला चाळीस. गावातली काही मंडळी म्हणतात, मास्तरांनी गावात सुट्टीची खोड लावली, उद्या सगळेच मागतील. मागू देत की. चौदांपैकी दोघांनी, नव्या शिक्षकांनी, आमचं पान पाहून तेच कलम मान्य केलंय. बँकेतल्यांनी अजून नाही.

डबा लावून आता तिसरा महिना चालू आहे. पहिल्या महिन्यात ताईंनी एकही सुट्टी घेतली नाही. मी आठवण केली तर "कशाला उगं" म्हणाल्या. दुसऱ्या महिन्यात एक घेतली, मुलीच्या शाळेत पालकांची सभा होती. आदल्या दिवशी डबा देताना तीनदा विचारलं, "कापणार नाही ना सर?" या महिन्यात आतापर्यंत दोन झाल्या, आणि विचारलं एकदाच. सुट्टीच्या दिवशी भाकरी मी करतो. माझी भाकरी वहीच्या पानासारखी चौकोनी होते. पण ही समोर बसून सूचना देते आणि आम्ही जेवतो.

पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या आपल्या पोरांना यातून काही घ्यायचं असेल तर माझ्या कागदावरचे प्रश्न देतो. वर्गणी नसती तर किती वेळा मागवलं असतं, तेवढ्याच खेपा मोजा. वाचलेल्या तासाला किती रुपये पडतात ते काढा, आणि तो तास कोणाचा होता ते पुढे लिहा. आपण घरी नसू तेव्हा खाडा धरतात का ते विचारा. आणि जो करतो किंवा आणून देतो, त्याचा खाडा कोण सोसतं, तेही विचारा. पाठीवर पिशवी घेऊन पावसात येणाऱ्या त्या पोराला खेपेवर पैसे मिळतात, तो आजारी पडला तर त्या दिवशी खेप नाही आणि पैसेही नाहीत. तुमच्या वर्गणीत त्याच्या सुट्टीचं कलम नाही. ते तुमच्या हातात नाही हे मला कळतं. दारात आला तर पाणी विचारणं मात्र हातात आहे. सूनबाई विचारते, मी पाहिलंय.

आता तुमच्याकडचं सांगा. लातूर, परभणी, नांदेडकडे डब्याचा दर काय चाललाय, खाडा किती दिवसांनी धरतात, आणि करणाऱ्या बाईला सुट्टी असते का? विशेषतः नांदेडच्या आत्याबाईंनी जरूर लिहावं, त्यांनी वीस वर्षं विद्यार्थ्यांचे डबे केलेत. ताईंना मी ते वाचून दाखवीन.